मागच्या फेरीतल्या जिभा पुन्हा बोलावताना

मंडळी, समजा कोकम सरबताची पहिली चाचणी झाली आहे. चाळीस जणांनी चाखलं, कागद भरून दिले. आता साखर कमी करून नवी बाटली तयार आहे आणि पुन्हा चाखणारे हवेत. अशा वेळी हात आपोआप जुन्या यादीकडे जातो. नंबर हाताशी, माणसं ओळखीची, कागद कसा भरायचा ते नव्याने शिकवायला नको. जुन्यांना बोलवायला हरकत काहीच नाही. पण कोणत्या प्रश्नासाठी आणि त्यातल्या कुणाला, हे ठरवूनच फोन उचला.

प्रश्न दोन जातींचे असतात. एक, ‘फरक कळतो का?’ यासाठी तीन पेल्यांची चाचणी घेतात: दोन पेल्यांत एकच सरबत, तिसऱ्यात वेगळं, आणि वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतोच. म्हणून ३० चाखणाऱ्यांत किमान १५ जणांनी, २४ असतील तर १३ जणांनी बरोबर ओळखलं, तरच फरक खरोखर जाणवतो असं धरायचं. कधी जुन्याचे दोन पेले, कधी नव्याचे, असे पेले मांडायचे क्रम सहा होतात. ३० माणसं असली की प्रत्येक क्रम पाच जणांच्या वाट्याला येतो. या कामाला जुनी माणसं सोन्यासारखी, कारण सरावलेली जीभच इथे हवी असते.

दुसरा प्रश्न, ‘आवडतं का?’ इथे तोच सराव नडतो. तीन-चार फेऱ्या केलेला माणूस पिण्याऐवजी तपासायला लागतो. बाजारात बाटली उचलणारं गिऱ्हाईक तसं पीत नाही. त्यामुळे आवडीच्या चाचणीत निम्मे तरी नवे घ्या, आणि त्याच पदार्थासाठी एका माणसाला सहा महिन्यांच्या आत परत बोलावू नका.

आता ज्या चुकीमुळे बिघडलेली पाककृती सुधारलेली वाटू लागते, तिच्याकडे येऊ. आवडीला १ ते ९ गुण देण्याची पट्टी आपण सगळेच वापरतो. १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे धड इकडे ना तिकडे, ९ म्हणजे अतिशय आवडलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनात ती तयार झाली. समजा चाळिसांपैकी बारा जणांनी ४ किंवा त्याहून कमी गुण दिले. आपण म्हणतो, नाराज होते त्यांनाच बोलावू, नवी बाटली पाजू. त्यांची सरासरी साडेतीनवरून पाचावर जाते आणि सगळे खूश. पण जुनीच बाटली दिली असती तरी ती थोडी वर गेलीच असती! त्या दिवशी कुणी वाटेत कडक चहा पिऊन आलं होतं, कुणाचं नाक चोंदलं होतं, कुणाच्या वाट्याला तळाशी गाळ बसलेल्या भांड्यातला शेवटचा, खारट-आंबट पेला आला होता. दुसऱ्या दिवशी त्यातलं बरंच आपसूक निवळतं. उलट, ९ देणाऱ्यांनाच बोलावलंत तर चांगलं सरबतही घसरलेलं दिसेल. गुणांवरून माणसं निवडून त्यांचीच आधीची आणि आताची सरासरी ताडून पाहणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

यावर उपाय साधा आहे. जुनी पाककृती आणि नवी, दोन्ही त्याच दिवशी, त्याच माणसापुढे ठेवा. पेल्यांवर तीन आकडी क्रमांक, उदाहरणार्थ ४१७ आणि ६८२. मागच्या फेरीचे क्रमांक परत वापरायचे नाहीत, लोकांच्या ते लक्षात राहतात. अर्ध्यांना जुनं आधी, अर्ध्यांना नवं आधी. पेल्यात ४० मिली, सगळे पेले सारखेच गार, प्रत्येक ओतण्यापूर्वी भांडं ढवळलेलं, मधे पाणी आणि मूठभर कुरमुरे. तुलना त्या दिवसातल्या त्या दिवसातच करायची.

हे जमायला वही लागते. एका वहीत नाव, फोन आणि त्या माणसाला दिलेला क्रमांक. दुसऱ्या वहीत नाव नाही, फक्त क्रमांक: कोणती फेरी, कोणता पदार्थ, तारीख, आला की नाही, गुण किती. पहिली वही ओतणाऱ्या बाईकडे नसावी. गावात सगळे एकमेकांच्या ओळखीचे. आपला कागद कोण वाचणार हे कळलं की भिडेपोटी सगळीकडे ८ पडतात.

परवानगीही वेगळी मागा. पहिल्या फेरीच्या कागदाच्या शेवटी स्वतंत्र चौकोन हवा: ‘पुढच्या चाचणीसाठी फोन केला तर चालेल.’ आज चाखायला आलेल्याने उद्याच्या फोनाला होकार दिला असं होत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमती विशिष्ट कामापुरतीच धरतो, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं सांगतो. जुनी संमती नव्या घटकालाही लागू होत नाही. सोलकढीत या वेळी काजूची पेस्ट घातली असेल, किंवा सरबतात टिकण्यासाठी सल्फाइट असेल, तर ॲलर्जी पुन्हा विचारा, ओळखीच्या माणसालाही.

फोन कधी करायचा? दुपारी एक ते चार गोव्यात फोन म्हणजे झोपमोड, आणि झोपमोड झालेला माणूस ‘बघूया’ म्हणतो. सकाळी दहानंतर किंवा संध्याकाळी सहानंतर करा. बोलणं एवढंच: ‘नमस्कार ताई, जानेवारीत आमच्याकडे पेय चाखायला आला होतात. तेव्हा पुढे फोन केला तर चालेल म्हणाला होतात. येत्या शुक्रवारी म्हापशात अर्ध्या तासाचं काम आहे, जमेल?’ शुक्रवार मुद्दाम, कारण बाजाराला माणसं येतातच, वेगळा फेरा पडत नाही. साखर कमी केल्याचं मात्र अवाक्षर नको. ऐकलं की जीभ कमी साखरच शोधते. ‘तुम्ही कोकम सरबत पिता ना?’ असंही विचारू नका. जुन्या माणसांना बरोबर उत्तर कोणतं ते ठाऊक झालेलं असतं. ‘गेल्या आठवड्यात घरी काय काय प्यायलात?’ असं विचारा आणि गप्प राहून ऐका.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका. आपला नंबर ज्यांनी स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यांना तो संदेश पोचतच नाही, आणि आपण समजतो की लोकांना रस उरला नाही. नंबर जतन करून घ्यायचं काम पहिल्या फेरीलाच, माणूस समोर असताना करा.

किती जणांना फोन, हे आपल्याच वहीतून काढा. समजा मागे ५० जणांना फोन केले आणि ३० आले, म्हणजे दहांतले सहा. आता २४ हवे असतील तर ४० फोन. आदल्या संध्याकाळी आठवण, त्याच सकाळी आणखी एक. पावसाळ्यात हा हिशेब चालत नाही, तेव्हा जास्त धरा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपासचे पंधरा दिवस तर सोडूनच द्या.

पंचांग नुसत्या हजेरीपुरतं नाही. कोळंबीच्या बलचांवची (लोणच्यासारख्या तिखट-आंबट गोवेकरी पदार्थाची) दुसरी फेरी श्रावणात लावली तर जुन्या यादीतली बरीच हिंदू घरं येत नाहीत. यादी तीच, पण खुर्चीवर बसलेला समाज वेगळा. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे कोळंबीही मागच्या फेरीची नव्हे. एवढं बदलल्यावर दोन फेऱ्यांतल्या फरकाचा दोष मसाल्याला कसा देणार?

मोबदला म्हणून येण्याजाण्याचं भाडं आणि वर थोडं काही द्या. रक्कम फुगली की तीच चार घरं प्रत्येक फेरीला हजर होतात आणि अटीत बसायला थापा मारतात. चाचणीतलीच बाटली भेट देत असाल तर ती जाताना द्या, आणि वहीत त्या माणसाच्या क्रमांकापुढे तशी नोंद करा. महिनाभर घरी तेच प्यायलेला माणूस पुढच्या फेरीत नवा धरता येणार नाही. आणि कुणी म्हणालं, ‘आता फोन नको,’ तर नाव पहिल्या वहीतून त्याच दिवशी खोडा. दुसऱ्या वहीत नुसता क्रमांक आणि गुण राहतात, ते राहू द्यायचे की नाही तेही त्यांनाच विचारा.