भिंत आधी, मेटॅलिक रंग नंतर

नमस्कार मंडळी. आज समोर रंगारी आहेत, इंटिरियर शिकणारी मुलं-मुली आहेत, आणि यंदा घराला रंग द्यायच्या बेतात असलेलेही बरेच जण दिसतायत. तुम्हा सगळ्यांना मला एकच गोष्ट पटवायची आहे: मेटॅलिक फिनिश, म्हणजे भिंतीवर धातूसारखी चमक, करायचं असेल तर वेळ आणि मजुरी यांचा मोठा वाटा भिंतीच्या तयारीसाठी राखून ठेवा. डबा उघडायची वेळ येते तेव्हा कामाचं बरं-वाईट जवळजवळ ठरून गेलेलं असतं.

कारण सांगतो. साध्या इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या नेहमीच्या पाण्याच्या रंगात, रंगद्रव्याची बारीक भुकटी असते. तिच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून भिंत कुठूनही पाहिली तरी साधारण सारखीच दिसते. मेटॅलिक रंगात चपट्या चकत्या असतात. चंदेरी रंगात बहुधा ॲल्युमिनियमच्या, जुन्या पद्धतीच्या सोनेरी रंगात पितळेच्या. घरातल्या भिंतींसाठी पाण्यावर चालणारे जे रंग मिळतात, त्यांतल्या बऱ्याच रंगांत तर धातू नसतोच. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियमच्या किंवा लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो आणि झळाळी त्यातून येते. रंग वाळताना थर आकसतो आणि या चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या आडव्या बसत जातात. सगळ्या सारख्या बसल्या की उजेड एका बाजूला परततो, तीच चमक. भिंत जिथं जराशी फुगलेली किंवा बसलेली असेल, तिथून तो भलतीकडे जातो. साध्या रंगाखाली कुणाच्या लक्षात न येणारा उंचवटा इथं खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो.

आता भिंतीकडे येऊ. सगळ्यात आधी ओल बघायची. मुंबईत, कोकणात पाऊस संपला म्हणून भिंत वाळली असं होत नाही. जाड प्लॅस्टिकचा हात-दीड हात चौरस तुकडा घ्या, चारही कडा टेपनं बंद करून भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरलं असेल किंवा खालची भिंत काळपट पडली असेल, तर काम थांबवा. गळती शोधा, प्लंबरला बोलवा, पण रंगाला हात लावू नका. ओल आतून क्षार घेऊन बाहेर येते, लांबी, म्हणजे भिंत सपाट करायला लावलेली पुट्टी, पोकळ होते आणि पोपडे निघतात. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्यायचेच, पावसाळ्यात त्याहून जास्त.

जुना रंग खरवडताना एक काळजी घ्या, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं किती असेल याची खात्री देता येत नाही. असा रंग कोरडा घासला की ती धूळ रंगाऱ्याच्या छातीत जाते आणि घरातल्या रांगत्या मुलाच्या हाताला लागते. पाणी मारून ओलं घासा, चांगला मास्क लावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. मास्कचे पैसे घरमालकानं आपणहून द्यावेत.

मग लांबी. पहिला हात खड्डे भरायला, दुसरा पातळ, सपाटी आणायला. दुसरा हात पहिल्याला आडवा ओढा, म्हणजे पत्र्याच्या, लांबी ओढायच्या पातीच्या, कडेच्या रेघा एकावर एक येत नाहीत. वाळल्यावर आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, शेवटी ३२०. पेपर नुसत्या बोटांनी दाबू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी घासलं की बोटांचे चर पडतात आणि नंतर तेच चमकतात. आता खोलीत अंधार करा, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरा आणि तिरपा उजेड भिंतीवरून हळूहळू फिरवा. प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. तिथं पेन्सिलनं खूण करा, भरा, पुन्हा घासा. हे कंटाळवाणं आहे खरं, पण सगळ्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

धूळ ओलसर फडक्यानं पुसा आणि मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. प्रायमरनंतर टॉर्च पुन्हा एकदा. तेव्हा जिथं लांबी लावाल, तिथं प्रायमरही पुन्हा लावा. नाहीतर तो ठिपका जास्त रंग पितो आणि डागासारखा दिसतो. यावर बेस कोटचे, म्हणजे मेटॅलिकच्या खालच्या साध्या रंगाचे, दोन हात. भिंतीच्या मेटॅलिक रंगाची झाकायची ताकद बहुधा कमी असते, त्यामुळे बेस त्याच छटेचा हवा.

तयारीचा हा आग्रह काही आजचा नाही. तंजावरची चित्रं पाहा. मराठा राजांच्या काळात तिथं ही कला बहरली. लाकडी फळीवर कापड, त्यावर खडू आणि गोंदाचा लेप, तो घासून गुळगुळीत करायचा, दागिन्यांचा उठाव लेपानंच घडवायचा आणि मग त्यावर सोन्याचा वर्ख. वर्ख लेपानंतर येतो आणि खालच्या लेपाचीच नक्कल करतो.

लावायचं तंत्र सांगतो. चकत्या डब्याच्या तळाशी बसतात, म्हणून काम चालू असतानाही मधूनमधून ढवळत राहा. एका भिंतीसाठी दोन डबे लागणार असतील तर दोन्ही आधीच एकत्र करा. पंखा बंद ठेवा. आखूड केसांचा रोलर घ्या, कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि ओली कड वाळायच्या आत पुढचा पट्टा जोडा. शेवटचा हलका रोलर छतापासून जमिनीपर्यंत, एकाच दिशेनं. दिशा बदलली की चकत्यांचा कल बदलतो आणि एकाच डब्यातल्या रंगाच्या दोन छटा दिसतात. भिंत मोठी असेल तर दोघं लागतात: एक लावणारा, दुसरा मागोमाग दिशा देणारा. मध्ये चहाला थांबायचं नाही.

माझं स्पष्ट मत असं, की खिडकीला लागून असलेल्या, आडवा उजेड झेलणाऱ्या जुन्या भिंतीवर सपाट मेटॅलिक करूच नये. तिथं स्पंजचा किंवा पत्र्याचा तुटक नमुना करा. नमुना उजेड फोडतो आणि भिंतीचे दोष सांभाळून घेतो. आधी दोन फुटी फळीवर नमुना करून ती फळी त्याच भिंतीला टेकवा, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा आणि मगच ठरवा.

लोखंडी ग्रिलचं थोडक्यात: गंज पूर्ण काढा, रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर लावा, मगच पुढचं. पितळेच्या चकत्यांचा सोनेरी रंग हवेनं काळवंडतो, त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, हवा.

मघाशी एका ताईंनी विचारलं की सोफा घासून ओरखडा पडला तर तेवढंच रंगवता येईल का. सपाट फिनिशवर नाही, ताई. ठिगळ दिसणारच. ओरखडा भरून, घासून, प्रायमर आणि बेस लावून, मेटॅलिकचा हात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीवर द्यावा लागतो. म्हणून उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवा, आणि डब्यावरचा शेड नंबर आणि बॅच नंबर वहीत उतरवून ठेवा.