धुऊन घट्ट झालेलं लॅटेक्स

विषय ठरलाय: कणांचं प्रमाण आणि त्यांच्यावरचा विद्युतभार यांनी कलिलाची (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या मिश्रणाची) श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, कशी बदलते. पण आधी माझं एक जुनं गाऱ्हाणं ऐका. इतके हक्काचे श्रोते पुन्हा मिळायचे नाहीत.

विद्यार्थी असताना माझ्याकडे पॉलिस्टायरिनचं लॅटेक्स होतं. पाण्यात 100 नॅनोमीटर व्यासाचे गोळे, घनफळाने 30 टक्के; दिसायला दुधासारखं, सहज ओतता येणारं. सर म्हणाले, यातले क्षार काढून टाक. मी तीन आठवडे पाणी बदलत डायलिसिस केलं, म्हणजे पातळ पडद्यातून क्षार बाहेरच्या पाण्यात जाऊ दिले; वर उरलेले आयन, म्हणजे क्षारांचे भारित कण, धरून ठेवणारं आयन-विनिमय रेझिन वापरलं. एका सकाळी बाटली तिरकी केली, तर आतलं जागचं हलेना! सरांचं निदान तयार होतं: "झाकण उघडं राहिलं, पाणी उडालं." मी नमुना वाळवून वजन दाखवलं. कण 30 टक्केच. तर म्हणाले, तराजू बिघडलाय. हसू नका, तुमच्यातले निम्मे आज स्वतः सर आहेत.

त्यांना तरी काय बोलणार? घट्ट झालं म्हणजे माल वाढला, हे आपण आइन्स्टाइनपासून शिकलो. त्यांच्या सूत्रानुसार श्यानतेतली वाढ कणांच्या घनफळ-अंशाच्या, म्हणजे एकूण घनफळातल्या त्यांच्या वाट्याच्या, अडीचपट. कणाचा आकार लहान की मोठा, त्यावर भार आहे की नाही, याची सूत्रात दादफिर्याद नाही. गंमत म्हणजे 1906 साली छापलेल्या प्रबंधात हे 'अडीच' नव्हतंच, 'एक' होतं! पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ पेरँ यांच्या प्रयोगशाळेत मोजमाप झालं, आकडा फारच जास्त आला. आइन्स्टाइननी आपले सहकारी लुडविग हॉप्फ यांना गणित तपासायला सांगितलं, हॉप्फना चूक सापडली आणि 1911 मध्ये दुरुस्ती छापली गेली. त्या दुरुस्तीने त्याच सूत्रावरून काढलेली ॲव्होगॅड्रो संख्याही, म्हणजे एका मोल पदार्थातल्या रेणूंची संख्या, 6.56 गुणिले 10 चा 23 वा घात इथवर आली. तिथे कुणी तराजूला दोष दिला नाही, एवढंच मला...

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, पळतो.

'अडीच' चालतं ते दोन-चार टक्क्यांपर्यंत. पुढे कण एकमेकांच्या वाटेत येतात, श्यानता झपाट्याने चढते आणि 58 टक्क्यांच्या सुमारास प्रत्येक गोळा शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात अडकतो.

आता भार. कणाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा ढग असतो. प्रवाह तो ढग विस्कटतो, त्यात थोडी ऊर्जा खर्च होते. हे भौतिकशास्त्रज्ञ स्मोलुचोव्स्की यांनी 1916 मध्ये सांगितलं, पण परिणाम सहसा किरकोळ. खरी मेख ढगांच्या आपसातल्या ढकलाढकलीत आहे. ढगाची जाडी, म्हणजे डिबाय लांबी, क्षार कमी झाले की वाढते. साध्या मिठाचं 1 मिलिमोलर (लिटरमागे मोलचा हजारावा भाग) द्रावण घेतलं तर सुमारे 10 नॅनोमीटर, 100 मिलिमोलरला फक्त 1. माझ्या गोळ्याची त्रिज्या 50. ढोबळ हिशेबाने ढगासकट ती 60 धरा: घनफळ 1.7 पट, म्हणजे 30 टक्क्यांचे झाले 52! आणि मी तर क्षार त्याहून कितीतरी खाली नेले होते. पाणी तेवढंच, कण तेवढेच. जागा मात्र ढगांनी अडवलेली.

सर जेवायला गेले तेव्हा मी बाटलीत चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. लॅटेक्स पुन्हा वाहू लागलं. मग उत्साहाच्या भरात दुसऱ्या बाटलीत मूठभर टाकलं. ढग इतके आकसले की कणांमधलं आकर्षण जिंकलं, सगळं साकळून गोळा झालं, आणि तेवढ्यात सर परत आले.