मत मागण्याआधी सभासदांची नोंदवही उघडू या

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात ठाण्याच्या आपल्या वाचनालय चालवणाऱ्या संस्थेची वार्षिक सभा झाली आणि पुढचा आठवडाभर परदेशात राहणाऱ्या आपल्या सभासदांच्या ग्रुपवर काय चाललं होतं, ते इथल्या प्रत्येकाने वाचलं आहे. परदेशातल्या आजीव सभासदांना निवडणुकीत मत हवं की नको, हा वाद. तो तापलेला असताना आपल्यातल्याच एका घरी तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, तिथल्या वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते?" बाबांना सांगता आलं नाही. आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आजीव वर्गणी भरली की मत कायमचं, असं आपण धरून चालतो. आपली संस्था 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, तर मत देता येत नाही आणि सभासद म्हणून गणनाही होत नाही. आजीव सभासदाची वर्गणी थकतच नाही. त्यामुळे त्याने घर बदललं, देश बदलला, अगदी निधन झालं तरी नाव यादीत राहतं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदसंख्येवर मोजायची असल्याने ही नावंही ती वाढवत राहतात. मग दर वर्षी नोटिशीत तीच ओळ: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. त्या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही आणि हॉलमध्ये असतील तेवढे लोक निर्णय घेतात. आपल्याला राग येतो तो याचाच. पण नवा पत्ता आणि ईमेल कळवा, अशी विनंती कार्यवाह किती वर्षं करत आहेत! तलावपाळीचे फोटो टाकायला आपल्याला वेळ मिळतो, मंडळी. पत्ता कळवायलाही मिळायला हवा.

ग्रुपवर एकाने लिहिलं, स्वतः हजर राहिल्याशिवाय मत नाही, असा कायदाच आहे. तो सहकारी संस्थांचा. 1960च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 27 मध्ये एका सभासदाला एक मत आणि तेही स्वतः द्यायचं, असं आहे. वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत वाढलेल्यांच्या मनात तेच पक्कं बसलेलं. दुसऱ्याने 1860च्या कायद्यातली प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याची सोय, दाखवली. तीही आहे, पण कलम 12 मध्ये, म्हणजे संस्थेचे उद्देश बदलायचे किंवा ती दुसरीत विलीन करायची असेल तेव्हासाठी. दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला लेखी प्रस्ताव, तीन-पंचमांश मतं, महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा आणि तिथे पुन्हा तीन-पंचमांश. कार्यकारिणीच्या निवडणुकीला हे लागू नाही. तिथे नियमावली बघायची, आणि आपल्या नियमावलीत 'उपस्थित सभासद' एवढंच आहे. पडद्यावर दिसणारा माणूस उपस्थित धरायचा का, यावर तिच्यात एक शब्दही नाही.

अशा वेळी "या वर्षी ऑनलाइन मतदान घेऊन टाका" म्हणणं धोक्याचं आहे. निवडून आलेल्या मंडळाची नोंद 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्जाने धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. सोबत नोटीस पाठवल्याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्त, नव्या लोकांची संमतीपत्रं. एका सभासदाने जरी "मला नोटीस मिळालीच नाही" अशी हरकत घेतली, तरी अर्ज रेंगाळू शकतो. तोवर बँक सह्या बदलून देत नाही. मग वाचनालयाचं वीजबिल कोण भरणार? ज्याच्याकडे किल्ली आहे तोच, स्वतःच्या खिशातून. त्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलं आहे.

मला मत हवं आहे, आपल्या सगळ्यांना मिळावं असंही वाटतं. पण ते नियमावलीत दुरुस्ती करून, आणि त्याआधी नोंदवही साफ करून. प्रत्येक आजीव सभासदाला शेवटच्या पत्त्यावर पत्र आणि ईमेल, उत्तराला तीन महिने. उत्तर न देणाऱ्याचं सभासदत्व काढायचं नाही. गणपूर्तीच्या हिशेबातून त्याला वगळता येईल, अशी तरतूद मात्र दुरुस्तीत घालायची. मतदारयादीची तारीख सभेच्या साठ दिवस आधी गोठवायची आणि यादी हरकतींसाठी खुली ठेवायची. ऑनलाइन मताला ओळख कशी पटवायची, जोडणी तुटली तर मत धरायचं की नाही, मोजणीवर दोन्हीकडचा एकेक माणूस असेल का, हे लिहूनच ठेवायचं. हॉल कधी उघडायचा, पुस्तकं कोणती घ्यायची, हे मात्र तिथे काम करणाऱ्यांनीच ठरवावं. त्यात आपण मत मागू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

देणग्यांचंही ऐका. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगीत मोडत नाही. ज्यांनी नागरिकत्व बदललं, त्यांची मोडते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. विदेशी देणगी घ्यायला लागणारी 2010च्या एफसीआरए कायद्याखालची नोंदणी आपल्या संस्थेकडे नाही. "आम्ही पैसे देतो, मग मत का नाही" असं ठाण्याच्या लोकांना सुनावण्याआधी आपण कोणत्या पासपोर्टवर पैसे पाठवले, ते तपासा. गोत्यात ते येतील, आपण नाही.

हे सगळं नीट झालं तर पुढच्या निवडणुकीत इथून मतं जातील. कार्यकारिणीच्या अकरा जागा आहेत. सध्याचे बहुतेक पदाधिकारी सत्तरीच्या पुढचे, आणि या वादानंतर त्यांच्यापैकी काहींनी पुन्हा अर्ज भरणार नाही असं कळवलं आहे. स्वागतयात्रेच्या वेळी धावपळ करणारी तरुण मुलं समितीवर यायला तयार नाहीत. मतपत्रिकेवर नावं कोणाची छापायची, हे आज ना तिथे कोणाला सांगता येतं, ना इथे.