दोघांचाच बँड, मग बास कुठाय? (आणि फझवर गांधार का वाजवायचा नाही)

नमस्कार मंडळी. आज खरं तर तार कशी बदलायची यावर व्हिडिओ करणार होतो. पण जापानड्रॉइड्स बँडवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या वेळा आलाय की आता टाळता येत नाही. "दादा, बँडमध्ये दोघंच आहेत, मग एवढा भरीव आवाज येतो कुठून? बास कोण वाजवतंय?" एकाने तर ठामपणे लिहिलंय की मागे लॅपटॉपवर ट्रॅक लावलाय आणि आपल्याला सगळ्यांना उल्लू बनवतायत. अरे बाबा, नाही. लॅपटॉप नाही. बास म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, ती इथे कोणी वाजवतच नाही. सांगतो.

आधी एक काम करा, इयरफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर हा व्हिडिओ बघू नका, कारण आज ज्या सुराबद्दल बोलायचंय तो त्या स्पीकरमधून निघतच नाही. मग खाली येऊन "काहीच फरक कळला नाही" लिहिता.

तर बँड. जापानड्रॉइड्स. कॅनडातल्या व्हँकूवरचे. ब्रायन किंग गिटारवर, डेव्हिड प्राउझ ड्रम्सवर, गातात दोघंही. कॉलेजपासूनचे मित्र, 2006 साली बँड सुरू केला. नावावरून विचारणारे बरेच आहेत: एकाला बँडचं नाव 'जॅपनीज स्क्रीम' हवं होतं, दुसऱ्याला 'प्लेझर ड्रॉइड्स'. भांडण मिटवायला दोन्ही अर्धी-अर्धी जोडली. झालं.

त्यांचा दुसरा अल्बम 2012 चा, तो जास्त गाजला, आणि 2024 ला शेवटचा अल्बम काढून त्यांनी दुकान बंदही केलं. पण मला बोलायचंय ते 2009 च्या पहिल्या अल्बमबद्दल, 'पोस्ट-नथिंग'. कारण उगवत्या बँडचा आवाज कसा असतो ते तिथे ऐकू येतं. आठ गाणी, सगळी मिळून पस्तीस मिनिटं. गंमत म्हणजे ही गाणी रेकॉर्ड करून झाल्यावर त्यांनी बँड मोडायचंच ठरवलं होतं. दोन-अडीच वर्षं स्वतःच कार्यक्रम लावा, स्वतःच सीडी काढा, गावाबाहेर कुत्रं विचारत नाही. म्हणाले, अल्बम तेवढा बाहेर काढू आणि संपवू. आणि तो अल्बम चालला! मग दौरा ठरला, तर सुरुवातीलाच कॅल्गरीत ब्रायनचा अल्सर फुटला, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. हे मी का सांगतोय? कारण परवा एकाने मेसेज केला की आम्हाला सहा महिने झाले, अजून कोणी ओळखत नाही, बँड बंद करू का. सहा महिने! सहा महिन्यांत आमचा ड्रमर वेळेवर यायलासुद्धा शिकला नव्हता.

बरं, अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सुरुवातीला या दोघांच्या डोक्यात तिसरा माणूस घ्यायचं होतं, आणि तो बासवाला नव्हे, गायक. मग विचार बदलला, दोघांनीच गायचं ठरवलं. ठेवा हे बाजूला.

आता फझ. भरभर सांगतो, सगळ्यांना माहीत असतं. गिटारचा सिग्नल म्हणजे लाट. ती इतकी वाढवायची की सर्किटच्या छपराला आपटते आणि तिचं डोकं छाटलं जातं. छाटलेल्या लाटेतून नवीन सूर तयार होतात, तो खरखरीत, केसाळ आवाज म्हणजे फझ. सापडला अपघाताने: नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनल बिघडला, त्यातून बास भलताच फाटका वाजला आणि लोकांना तो आवडला. 1962 मध्ये त्याचं पेडल आलं, मेस्ट्रो एफझेड-1. मग 1966 चा गोल थाळीसारखा फझ फेस, 1969 चा बिग मफ. इतिहास संपला.

एका काकांनी लिहिलंय, "हा आवाज आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या बेंजोसारखा वाटतो." काका, तुम्ही चेष्टेत लिहिलंत, पण बरोबर लिहिलंत! टेम्पोवर भोंगे लावून अँप पार शेवटपर्यंत फिरवला की बेंजोच्या लाटेचं डोकंही असंच छाटलं जातं. मी सांगलीचा. लहानपणी विसर्जनाच्या मिरवणुकीत भोंग्यासमोर उभा राहून जे छातीत घुमायचं, ते नंतर पेडलमधून ऐकलं तेव्हा ओळखीचंच वाटलं. त्यामुळे "ही पाश्चात्त्यांची थेरं" वगैरे लिहू नका.

आता मूळ मुद्दा. आणि इथे माझं डोकं फिरतं, आधीच सांगतो. तुम्ही मला जे रेकॉर्डिंग पाठवता ना, दहातल्या आठांत हीच चूक असते. फझ लावायचा, गेन (म्हणजे लाट किती वाढवायची तो नॉब) शेवटपर्यंत, आणि एक बोट आडवं दाबून सहाच्या सहा तारांवर अख्खी बार कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, खेचायची. मग लिहायचं, "दादा, आवाज चिखल होतोय, कोणतं पेडल घेऊ?" पेडल नको घेऊस रे. दोन बोटं काढ.

(गिटार उचलतो)

हे बघा. जाड तार, पाचवा फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरची पाचवी पट्टी. हा ए. 110 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 110 कंपनं. आपण याला सा म्हणू. आता पुढची तार, सातवा फ्रेट. ई. हा 165 च्या आसपास. म्हणजे प. सा आणि प. गिटारवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात, नाव मोठं, पण आहेत दोनच सूर.

साध्या आवाजात वाजवतो. दोन सूर ऐकू येतात. ठीक. आता फझ चालू करतो. तेच दोन फ्रेट, हात हलवलेला नाही. ऐकलंत? खाली काहीतरी आलं. कोणी आणलं?

दोन सूर एकाच फझमधून एकत्र गेले की फझ त्यांची बेरीज-वजाबाकी करतो. हे शब्दशः घ्या. 165 वजा 110. किती? 55. आणि 55 हर्ट्झ म्हणजे काय? तोच सा, एक सप्तक खाली. बास गिटारची मोकळी ए तार नेमकी 55 वर लागते. मिळाला तुमचा बासवाला. फुकट, चहा-वडापाव न मागणारा.

आता बेरीज करा. 110 अधिक 165. 275. हा सूर कुठला? वरच्या सप्तकातला गांधार, म्हणजे ग. मी गांधार वाजवलाच नाहीये! बोट लावलेलं नाही, आणि तरी तो हलकासा ऐकू येतोय.

आता तुमची चूक करून दाखवतो. सा तिथेच, आणि पुढच्या तारेवर चौथा फ्रेट, म्हणजे मी स्वतः गांधार वाजवतोय. 138.6. वजाबाकी करा: 28.6. हा कुठला सूर? कुठलाच नाही. पियानोवरचा सगळ्यात खालचा ए असतो 27.5 ला, त्याच्या पुढची काळी पट्टी 29.1 ला. हा पठ्ठ्या दोघांच्या फटीत जाऊन पडलाय. कारण गिटारचे फ्रेट सगळे समान अंतराच्या हिशेबात बसवलेले असतात, त्यात पंचम जवळजवळ नेमका येतो, पण गांधार थोडा चढा असतो. साध्या आवाजात ते चालून जातं. फझमध्ये त्या चढेपणाची वजाबाकी होते आणि तळाशी बेसूर गुरगुर सुरू होते. तुमचा चिखल तो हाच. आणि सहा तारांच्या कॉर्डमध्ये अशा किती जोड्या होतात मोजा.

हिशेब नको असेल तर दुसरीकडून सांगतो. तंबोरा. तंबोऱ्यावर कोणते सूर लावतात? प, सा, सा, आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. गांधाराची तार असते का? नसते. तरी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गांधार ऐकू येतो, खर्जाच्या पोटातून. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. माझी आत्या गायची, तिच्या तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून झंकार जमवायला, आम्ही मिरजेला जायचो, सांगलीहून हाकेच्या अंतरावर. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ते कारागीर मांडी घालून बसलेले, घोडीवर कानस एकदा अशी फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा एकदाच कानस. अर्धा तास हेच. मला जाम कंटाळा आला होता. मग शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, तो नखाने केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो तंबोरा अचानक उघडला. खोलीत कोणीतरी येऊन गुणगुणतंय असं वाटलं. आत्या म्हणाली, "आला बघ गांधार." मी विचारलं, कुठली तार? ती नुसती हसली.

आता लगेच कोणीतरी लिहील, "तंबोऱ्यात सर्किट कुठंय?" मान्य. तिथे तार घोडीच्या उतारावर घासून वरचे सूर उमलतात, इथे ट्रान्झिस्टर लाट छाटतो. यंत्र वेगळं. पण तारेवर सा-प एवढंच ठेवलं की गांधार आपल्या पायाने येतो, हे दोन्हीकडे सारखं. आणि तोडीसारखा कोमल गांधाराचा राग गातानाही तंबोऱ्यात तो शुद्ध गांधार वाजतच असतो, कोणी तंबोरा बंद करत नाही. तेव्हा "माझं गाणं मायनरमध्ये (म्हणजे कोमल गांधाराचं) आहे, मग?" हा प्रश्नही इथेच निकालात. थोडी घासाघीस होते, होऊ द्या. मला तर ती आवडते.

तिसरी बाजू माझ्या फजितीची. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये आम्ही दोघं, मी आणि ड्रमर. पेडल नवीन, हौस मोठी. पहिल्याच गाण्याला मी अख्खी बार कॉर्ड ओढली, गेन पूर्ण. साउंडवाल्या भाऊंनी तिकडून हात हलवला, मला वाटलं दाद देतायत. त्यांनी माझा चॅनलच बंद केला. त्यांना वाटलं केबल जळाली! नवी केबल घेऊन धावत आले बिचारे. मी म्हटलं, भाऊ, हा आवाज असाच आहे. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना... तीन मिनिटं नुसते ड्रम्स वाजत होते. आणि ऐका, ड्रमर वाजवता वाजवता ओरडून गात होता, तर समोरची मुलं नाचायला लागली. माझ्याशिवाय गाणं जास्त सुरेल होतं.

तिथेच मला ते बाजूला ठेवलेलं वाक्य उमगलं. दोघांनीच गायचं ठरवलं, ते. बघा, गळा माइकमधून जातो, फझमधून नाही. म्हणजे गायकाने कुठलाही सूर लावला तरी त्याची गिटारशी बेरीज-वजाबाकी होत नाही, चिखल होत नाही. गिटारने खाली सा-प चा काँक्रीट टाकायचा आणि गांधार, रिषभ, धैवत, जे काही गोड आहे ते गळ्यासाठी मोकळं सोडायचं. 'पोस्ट-नथिंग' मध्ये शब्द बघायला गेलात तर थोडकेच. त्याच दोन-चार ओळी पुन्हा पुन्हा, दोघं मिळून ओरडतायत. पण चाल डोक्यातून जात नाही, कारण तिच्या वाटेत कोणी उभं नाही. लोक म्हणतात, एवढ्या खरखरीत सुद्धा किती मेलडी आहे. गिटारने जागा सोडलीये, म्हणून आहे.

आता "पण अमुक बँड तर पूर्ण कॉर्ड वाजवतो" वाले येतील. वाजवतात. गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब खाली करतात, फझ मवाळ होतो, मग वाजवतात. तो नॉब शोभेला दिलेला नाही. आणि रॉयल ब्लड बघा, इंग्लंडमधल्या ब्रायटनचे, तेही दोघंच. तिथे गिटारच नाही, माइक कर बास वाजवतो आणि त्याचा सिग्नल पेडलमधून फोडून गिटारच्या अँपलाही देतो. 2014 मध्ये त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबरला होता. म्हणजे उपाय बरेच आहेत. पण ते महागडे उपाय आहेत, आणि तुमच्याकडे एक पेडल आणि आईच्या डुलकीच्या वेळा सांभाळून मिळणारा अर्धा तास आहे. तेव्हा सा-प.

किमतीचं विचारू नका, कुठलं पेडल तेही विचारू नका. ज्याच्याकडे जे असेल ते मागून आणा. गेन अर्ध्यावर. पाचवा फ्रेट, सातवा फ्रेट, बाकीच्या चार तारा हाताने दाबून गप्प. एवढंच करून वर गा.

जाता जाता एक परीक्षा. मी आता तीन वेळा वाजवणार, डोळे मिटून ऐका. तीनपैकी एकदाच मी मुद्दाम गांधार वाजवणार आहे. कितव्यांदा, ते खाली लिहा. आणि ज्याने लॅपटॉपचं लिहिलं होतं ना, त्याने तर नक्की लिहा.

(फझ चालू करतो)

एक.