विहाराचा नकाशा : नालंदा आणि अजिंठा

नमस्कार मंडळी. आज मला नालंदा आणि अजिंठ्याच्या विहारांचा, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या जागांचा, नकाशा कसा एकच आहे ते सांगायचंय, पण त्याआधी एक तक्रार, ती इथे नाही मांडायची तर कुठे मांडायची.

नालंदाला गेलेल्या ओळखीच्या कुणालाही विचारा काय बघितलं, फोटो निघतो तो तीन नंबरच्या मंदिराचा. उंच, जिने, कोपऱ्यातले मनोरे, त्यावर चुन्यातल्या मूर्ती, सुंदरच आहे, आणि ते एकदा बांधलेलं नाही, आधीचं पोटात घेऊन सात वेळा वाढवलेलं आहे, म्हणजे आपण बघतो ते सगळ्यात वरचं कवच. पण तिथे तासभर घालवायचा, गाईडकडून बख्तियार खिलजी आणि जळत्या ग्रंथालयाची गोष्ट ऐकायची आणि बसमध्ये बसायचं? अहो, विद्यार्थी राहायचे कुठे, ते तर बघा! मधला रुंद रस्ता उत्तर-दक्षिण जातो, पश्चिमेला मंदिरं, पूर्वेला विहारांची ओळ. रस्ता ओलांडायचे तेवढे कष्ट घ्या. माझ्या ग्रुपमधल्या एकानेही घेतले नाहीत, 'तिकडे नुसत्या भिंती आहेत' म्हणाले, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

कारण विद्यापीठ त्या भिंतींतच आहे. एका विहारात शिरा : मधे मोकळं अंगण, चारी बाजूंना पडवी, पडवीमागे खोल्या, भिंतीत कोनाडे. अंगणात विहीर, पाणी जायला गटार, कुठे कुठे चुलीसुद्धा. जिन्याचे अवशेष आहेत म्हणजे वर मजला होता. वाडा डोळ्यासमोर आणा, चौकातला उजेड, तसंच. आणि दारातून सरळ बघितलं की समोरच्या पूर्वेच्या भिंतीत मधोमध बुद्धाचं देवघर.

एक नंबरच्या विहारात वस्तीचे नऊ थर सापडले. पडलं की त्याच जागी पुन्हा बांधलं, नकाशा तोच ठेवून! याच विहारात 1921 साली पाल घराण्यातल्या देवपाल राजाचा ताम्रपट मिळाला, त्यात लिहिलंय की सुवर्णद्वीपच्या, म्हणजे सुमात्राकडच्या, बालपुत्रदेव राजाने इथे विहार बांधला आणि देवपालाने त्याच्या खर्चासाठी पाच गावं दिली. समुद्रापलीकडचा राजा इथे पैसे घालतो, विचार करा. आणि सातव्या शतकात इथे राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की आसपास दहाहून जास्त तलाव होते आणि सकाळी अंघोळीची घंटा व्हायची. हॉस्टेलमधे राहिलेल्यांनी हात वर करा! बघा, तुम्हाला लगेच कळलं.

आता पाच मिनिटं राहिलीत अशी खूण झालीय आणि मूळ विषय तसाच राहिलाय, तर पटकन. अजिंठ्याची बारा नंबरची लेणी जुनी, तिन्ही भिंतींत चार-चार खोल्या, प्रत्येकीत दगडाचे दोन ओटे झोपायला, देवघर नाही. नाशिकच्या तीन नंबरच्या लेण्यात मागच्या भिंतीवर स्तूप कोरलाय, पण आत मूर्तीची खोली मुळात नव्हती. मग पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव सोळा नंबर खोदवतो, तिथे मागे मधोमध बुद्ध. आणि नालंदाही पाचव्या शतकातलीच, गुप्त राजा कुमारगुप्ताच्या वेळची. एकीकडे वीट, एकीकडे डोंगर, पण त्या काळात दोन्हीकडे बुद्धच विहारात राहायला आला, भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगेत, दारासमोरची खोली त्याची.

फरक एवढाच की डोंगरात आभाळ येत नाही, म्हणून मधलं अंगण बंद होऊन खांबांचा हॉल झाला. हॉलच्या चारी बाजूंची खांबांची रांग म्हणजे ती पडवीच. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात की चित्रं बघून झाल्यावर हॉलच्या मधोमध उभे राहा आणि वरचं छत मनातल्या मनात काढून टाका.