आजीचे पाय टेकतात का?

नमस्कार, श्रोतेहो. आत्ता खुर्चीत बसून ऐकत असाल, तर जरा खाली बघा. दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकलेत? की टाचा अधांतरी आहेत? अधांतरी असतील तर त्यात तुमच्या उंचीचा काही दोष नाही. खुर्चीचं माप चुकलंय.

हे डोक्यात घोळायला लागलं ते परवाच्या ज्यूरीपासून. इंटिरियर आणि फर्निचर डिझाइनची मुलं शेवटच्या वर्षी सहा-सात महिने खपून डिग्री प्रोजेक्ट करतात, तो बाहेरच्या परीक्षकांपुढे मांडतात आणि आमची बोलणी खातात, ती ज्यूरी. भिंतभर शीट्स, टेबलांवर मॉडेल्स, मुलांचे डोळे जागरणानं तांबारलेले. प्रोजेक्टचे विषय भव्य: संग्रहालय, हॉटेल, विमानतळाचं प्रतीक्षालय. कॉम्प्युटरवरची चित्रं तर अशी, की फोटोच वाटावा. तिरपं ऊन, सोफ्यावर मांजर. त्या चित्रांतल्या घरात ओली छत्री कधी नसते, गॅसचा सिलिंडर नसतो, चार्जरची वायरही लोंबत नसते. कोण राहतं तिथे, देव जाणे!

त्या गर्दीत एका मुलीनं एकच खुर्ची आणली होती. आजीसाठी केलेली, सागवानी, नवारीच्या बैठकीची, अगदी खऱ्या मापाची. मी ती उलटी करून पाहिली. पायांच्या टोकांना ताज्या करवतीच्या खुणा.

"हे काय?"

"सर, दोनदा कापले. आधी बैठक पंचेचाळीस सेंटिमीटरवर होती. आजीचे पाय लोंबकळायला लागले. मग बेचाळीस केली. आता एकोणचाळीस."

पंचेचाळीस हा आकडा पाठ्यपुस्तकातला. तिथे त्या मापात बुटाच्या टाचेची उंचीही धरलेली असते. आपण चपला दाराशी काढतो! त्यात पाचफुटी आजी. आपल्या लोकांच्या शरीराची मापं उपलब्ध नाहीत असंही नाही. देबकुमार चक्रवर्तींनी ती गोळा करून मांडली, अहमदाबादच्या एनआयडीनं, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं, १९९७ मध्ये छापली. पण वर्गात हाताशी असतो तो परदेशी तक्ता, आणि आमची पिढीही त्याच तक्त्यावर पोसलेली.

गंमत म्हणजे ज्या एनआयडीचं नाव मी घेतलं, तिच्या मुळाशी एक तांब्या आहे. १९५८ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं आपल्याकडे आलं, देशभर हिंडलं. त्यांनी जो अहवाल दिला त्यात त्यांना सगळ्यात भावला तो आपला साधा लोटा. तो कमरेवर धरायचा की डोक्यावर, ओतताना तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो, वाजवला तर आवाज कसा येतो, इतके बारीक प्रश्न त्यांनी त्याला विचारले. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये संस्था उभी राहिली. म्हणजे वस्तू आधी हातात घेऊन बघायची, हे आपल्या डिझाइन शिक्षणाच्या पायातच होतं.

त्याच दिवशी एका मुलानं बीडीडी चाळीतली खोली मांडली. १६० चौरस फूट. त्यानं सोफा-बिफा काही काढला नव्हता. पहाटे पाच ते रात्री बारा, कुठल्या कोपऱ्यात कोण काय करतं याचा तक्ता केला होता. पलंगाच्या पायांखाली विटा, कारण खाली ट्रंका सरकवायच्या असतात. त्या विटांची उंचीसुद्धा त्यानं मोजली होती. आमच्यातल्या एकानं विचारलं, "यात डिझाइन कुठे आहे?" मी तोंड आवरलं. मार्क मात्र भरभरून दिले.

पुन्हा त्या खुर्चीकडे येतो. बैठक नवारीची का, असं विचारलं तर म्हणाली, "आधी सलग फळी होती, चौकटीत गच्च बसवलेली. सुतारकाकांनी बघितलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, जुलैत ही फळी फुगली की चौकट उकलेल. लाकूड लांबीत वाढत नाही पोरी, रुंदीत फुगतं." पावसाळ्यात कपाटाचं दार का अडकतं, ते यात आलं. चार वर्षांत जे फळ्यावर कुणी लिहिलं नाही, ते काकांनी रंधा हातात धरून दोन वाक्यांत सांगितलं. शीटवर मुलीचं नाव होतं, गाइडचं होतं, कॉलेजचं तर ठळक होतं. काकांचं नव्हतं. तसं मी बोललो, तेव्हा तिनं पेन्सिल काढली आणि खालच्या कोपऱ्यात लिहिलं.

उठता उठता विचारलं, "मग आता आजीचे पाय टेकतात ना?"

"टेकतात की. पण सर, ती पाय खाली सोडतच नाही. खुर्चीवर मांडी घालून बसते. आणि खुर्चीच्या दोन हातांमधली जागा कमी पडते."

"मग?"

"दुसरी करतेय. रुंद."