तांब्याचं अंग, वर चांदी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला हा जर्निंगहॅम वाइन कूलर. बर्फ भरून वाइनच्या बाटल्या गार करायच्या, एवढ्यासाठी हे अवाढव्य भांडं! मूळ भांडं चार्ल्स कँडलरनं 1734-35 मध्ये लंडनला घडवलं, सव्वादोनशे किलोच्या आसपास चांदी वापरून. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज म्युझियममध्ये आहे. समोर दिसते ती बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीची 1884 मधली नक्कल.

ही ओतीव नाही, ठोकून घडवलेलीही नाही. ती टाकीतल्या द्रावणात, साच्यावर विजेनं तांब्याचा थर चढवत वाढवली आहे.

आधी मूळ वस्तूचे भागाभागानं साचे. उथळ उठावावर गरम पाण्यात मऊ केलेला गटापर्चा (झाडाच्या चिकाचा रबरासारखा पदार्थ) दाबला की काम झालं. पण बिबट्याच्या पंजाखाली, द्राक्षांच्या घडामागे ताठर साचा अडकतो. तिथे सरस आणि काकवीचा लवचिक साचा लागतो. तो पाण्यात फुगतो, म्हणून थेट टाकीत सोडत नाहीत. त्यात मेण ओततात, तेही गोठायच्या बेताला आल्यावर. गरम ओतलं तर सरसच वितळतो. मग मेणावरून प्लास्टरचा साचा घेतात, मेण वितळवून काढतात आणि प्लास्टरला चरबी-मेण पाजतात.

अशा साच्यातून वीज वाहत नाही. त्यावर ग्राफाइटची पूड मऊ ब्रशनं घोटतात. जिथे पूड लागायची राहिली, तिथे तांब्याला भोक!

टाकीत लिटरला साधारण 200 ग्रॅम मोरचूद, जोडीला सल्फ्युरिक अ‍ॅसिड, आणि समोर तांब्याचा पत्रा. प्रवाह जोरात सोडला की तांबं काळपट भुकटीसारखं बसतं. फार मंद असला की दाणेदार आणि ठिसूळ. कडांवर थर भराभर चढतो, खोलगटात जेमतेम. तिथे वेगळी तार पोचवावी लागते.

सुटे भाग डाख देऊन जोडले, सांधे कानशीनं घासले, की चांदीची पाळी. ही पोटॅशियम सायनाइडमध्ये विरघळवलेली असते. एल्किंग्टनचं पेटंट 1840 चं. चांदी चढवण्याआधी तांबं पाऱ्याच्या द्रावणात क्षणभर बुचकळतात, नाहीतर मुलाम्याचे पोपडे सुटतात. टाकीतून चांदी पांढुरकी, निस्तेज निघते. चमक येते ती अकीकाच्या घोटणीनं.

साचा इतका तंतोतंत उतरतो की मूळ भांड्यावरचे ओरखडे आणि हॉलमार्कसुद्धा नकलेवर उमटतात. तेव्हा नुसत्या हॉलमार्कवर भरवसा ठेवू नका. भांडं उलटं करा: आतला खरखरीत पृष्ठभाग आणि डाखाच्या रेषा पाहा. उंचवट्यांवर मुलामा झिजला असेल, तर तिथे लालसर तांबं डोकावतं.